काजळी आतली जागा का सोडते

काचीगुड्यात कुणाच्याही लग्नाला गेलो की मला कोपऱ्यात ओढलं जातं. ओढणारे गृहस्थ साधारण साठीचे, एखाद्या देवळाचे विश्वस्त वगैरे असतात. हातात मठ्ठ्याचा पेला, आवाज एकदम खाली. "मुकुंदराव, येत्या रविवारी कोण?" मीही डावीउजवीकडे बघून तितक्याच खालच्या आवाजात सांगतो, "काका, कुणाला बोलू नका. चार पायांचा आहे." काका रागावतात. त्यांना वाटतं मी लपवतोय. मला खरंच माहीत असतं तर मी आहेराचं पाकीट चाचपत रांगेत उभा राहिलो असतो का?

मी मलकपेटच्या मैदानावर रेसच्या घोड्यांचा ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे घोड्याला पळायला शिकवणारा, असा एक समज आहे. घोडा जन्मल्याच्या दिवशीच आईमागे पळायला शिकतो. त्यात माझा काडीचा हात नाही. त्याने कोणत्या शर्यतीत पळायचं, किती लांब, कुणाच्या सोबत, हे मी ठरवतो. घोडा चांगला की वाईट हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नसतो. चुकीच्या शर्यतीत चांगला घोडाही गाढव दिसतो, आणि त्याच्याबरोबर ट्रेनरही.

रेसचा न्याय शाळेच्या उलटा असतो, एवढं समजलं की अर्धा धंदा समजला. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळतं. इथे पहिल्या आलेल्याच्या दप्तरात दगड भरतात. प्रत्येक घोड्याला गुण असतात. जिंकला की गुण वाढतात, गुण वाढले की वरच्या वर्गात जावं लागतं, नाहीतर पाठीवर शिशाचं जादा वजन घेऊन पळावं लागतं. दुसरा आला तरी थोडे गुण वाढतातच. म्हणजे न जिंकणारा पण सारखा दुसरा येणारा घोडा हा सगळ्यात दुर्दैवी. बक्षीस नाही, वजन मात्र वाढतंय. मग ट्रेनर बसतो अंतर चाळत. बाराशे मीटर? चौदाशे? सोळाशे? कुणाचा दम आखूड असतो, कुणाचा लांब. कुणाला ओली जमीन सोसत नाही, कुणाला गर्दी. एक घोडा होता माझ्याकडे, त्याला समोर पांढरा घोडा दिसला की तो त्याच्या मागे लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखा चालायचा. मी शर्यत निवडताना आधी पांढरे कोण आहेत ते बघायचो.

मालक लोकांचा प्रकार वेगळाच. गच्चीबावलीतले एक पुणेकर इंजिनिअर घोड्याच्या मागच्या सगळ्या शर्यती संगणकावर मांडून आले. रंगीत आलेख. "मुकुंद सर, आकड्यांप्रमाणे हा सोळाशेला जिंकायलाच हवा." मी म्हटलं, "हो, पण त्याच्या मागच्या उजव्या पायाला हे आकडे कोण सांगणार?" दुसरे एक गृहस्थ शर्यत बायकोच्या वाढदिवशीच हवी म्हणून अडून बसले. मी शर्यत लावली. घोडा शेवटून पहिला आला. बाईंनी तेव्हापासून वाढदिवस साजरा करणं बंद केलं, असं ऐकतो.

पण काजळीची गोष्ट यातली नाही. ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. खुर्ची जरा पुढे ओढा.

काजळी ही गडद रंगाची, बारीक बांध्याची चार वर्षांची घोडी. तिची मालकीण माझी शाळेतली गणिताची बाई. बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, रेसला पाप मानणारी. धाकट्या भावाने घोडी घेतली, भाऊ वारला, घोडी बाईंकडे आली. त्या पहिल्यांदा अस्तबलात आल्या तेव्हा हातात गाजरांची पिशवी होती आणि चेहरा पालकसभेला आल्यासारखा.

"मुकुंद, ही हुशार आहे का?"

"आहे बाई."

"मग पहिली का येत नाही?"

या प्रश्नापाशीच मी अडकलो होतो. काजळी नेहमी दुसरी यायची. अगदी थोडक्यात, अर्ध्या मानेने. बरोबर मंद घोडे असले तरी दुसरी आणि तेज घोडे असले तरी दुसरी.

आणि ती आतली जागा सोडून पळायची.

हे जरा समजावून सांगतो. मैदान लांबट गोल असतं. आतल्या कडेला पांढरी दांडी असते, सगळीकडे फिरलेली. त्या दांडीला चिकटून पळेल त्याला सगळ्यात कमी अंतर पडतं. म्हणून तिथे जागा मिळवायला जॉकी जिवाचा आटापिटा करतात. काजळी सगळ्यात पुढे असली, दांडी तिच्या हक्काची असली, तरी ती दांडीपासून बरोबर एका घोड्याएवढी जागा सोडून पळायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वळणावर सुद्धा.

असं घोडे करतात, त्याला कारणं असतात. पाय दुखतो, दात टोचतो, एका डोळ्याला कमी दिसतं. मी सगळं तपासून घेतलं. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितली, तोंडात हात घातला, पाय दाबले. "हिला काही झालेलं नाही. तुम्हीच स्वतःला तपासून घ्या," म्हणाले. लगाम बदलला, डोळ्यांना झापड लावली. काजळी मजेत, जागा सोडून.

माझे जमादार खाजामियां, अस्तबलाचे सगळे सईस ज्यांच्या हाताखाली चालतात ते, खरारा करता करता एकदा सहज बोलले, "बच्ची अकेली नै दौडती साब."

"म्हणजे?"

"मेरेकू क्या मालूम. उसका अंदर का कान देखो."

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सरावाला कान बघायला उभा राहिलो. थंडीचे दिवस, मुशी नदीकडून आलेलं धुकं मैदानावर बसलेलं. काजळी एकटीच होती. टापांचा आवाज आधी आला, मग ती धुक्यातून निघाली. बाहेरचा कान पुढे, आणि आतला, दांडीकडचा, बाजूला वळलेला. शेजारी घोडा पळत असला की जोडीने पळणारे घोडे कान असाच ठेवतात. ती गेल्यावर मी वाकून वाळू बघितली. तिच्या टापा दांडीपासून लांब. दांडीजवळची वाळू रात्री फणी फिरवलेली, तशीच्या तशी, दवाने ओली. एक ठसा नाही. मला खूप बरं वाटलं. मग मनात आलं, बरं वाटायला मी तिथे काय सापडेल म्हणून वाकलो होतो?

तिचा जॉकी यादगिरी, शांत डोक्याचा माणूस. त्याला मी मुद्दाम आडून विचारलं, "काय रे, आत का नाही घेत?"

"अंदर जगा नै ना साब."

"मोकळी पडलीय की सगळी!"

"आप उप्पर से देखते," तो म्हणाला. "मैं बाजू से देखता." आणि चहा प्यायला निघून गेला.

हे सगळं आमच्या अस्तबलात राहिलं असतं तर चाललं असतं. पण रेसमध्ये दांडीजवळ मोकळी जागा दिसली की मागचा जॉकी तिथे घुसणारच. सुब्बाराव नावाचे माझे एक जुने प्रतिस्पर्धी ट्रेनर आहेत. चौदाशेच्या शर्यतीत त्यांचा घोडा काजळीच्या मागे होता. जॉकीने ती मोकळी जागा हेरली आणि घोडा आत घातला. घोड्याने चारी पाय रोवले. भर वेगात. मान झटक्याने वर, जणू नाक कशावर तरी आपटणार होतं. जॉकी मानेवरून पुढे गेला, कसाबसा सावरला. त्याच्या मागच्या घोड्याचंही तेच झालं.

सुब्बाराव तणतणत तक्रार घेऊन गेले. शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्टुअर्डनी आम्हाला बोलावून चित्रफीत दाखवली, पुन्हा पुन्हा, संथ करून. काजळी सरळ पळतेय. कुणाला धक्का नाही. मोकळ्या जागेच्या तोंडाशी येऊन मागचे दोन घोडे भिंतीपुढे थबकावं तसे थबकतात.  शेवटी स्टुअर्डांतले वडीलधारे म्हणाले, "कारण काहीही असो, उद्या कुणाचा जीव जाईल. घोडी पुन्हा अशी पळाली आणि असं काही झालं, तर तिची नावनोंदणी बंद." चूक नव्हती त्यांची. मीही तेच केलं असतं.

नोंदणी बंद झालेल्या घोडीचं काय होतं ते बाईंना सांगायची वेळ आली. ज्या फार्मवर ती जन्मली ते लोक तिला पैदाशीसाठी परत घ्यायला तयार होते, पण एक तरी शर्यत जिंकली तर. न जिंकलेली घोडी कुणी घेत नाही. मग घेणारे येतात ते वरातीवाले, आणि त्यांच्याहून वाईटही येतात.

बाईंनी गाजर काजळीच्या तोंडाशी तसंच धरलेलं.

"माझ्या भावाने एकदा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ही जुळी होती. घोड्यांत जुळी फारशी जगत नाहीत म्हणे. दुसरा नर होता, अशक्त. काही महिने होता. ही पळायची आणि तो मागे पडायचा, म्हणून ही थांबायची. मग गेला तो."

मी हसलो. मोठ्याने हसलो. मी नाटकी माणूस आहे, हसणं मला जमतं. घरी येऊन मात्र मी शर्यतींची पत्रिका उघडली आणि आयुष्यात प्रथमच एका प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला बसलो, जो पत्रिकेत नव्हता.

बघा, शर्यत निवडताना फक्त आपला घोडा बघून भागत नाही. समोरच्याचा दम कुठे संपतो ते बघावं लागतं. मी यादगिरीला बोलावलं आणि सरळ विचारलं, "आतला कसा पळतो?"

त्याला जराही नवल वाटलं नाही. उलट, एकदाचं विचारलं म्हणून बरं वाटल्यासारखं दिसलं. "बारासौ में वो आगे रहता साब, आधी गर्दन. चौदासौ में बराबर. सोलासौ में आखिर को..." तो थांबला. "सांस सुनाई देती उसकी. छोटे बच्चे जैसी. तो ये धीमी हो जाती."

म्हणजे आतल्याचा दम आखूड होता. सोळाशेला तो संपत येतो आणि काजळी त्याच्यासाठी वेग आखडता घेते. पण अंतर इतकं लांब असलं की तो शेवटाच्या बऱ्याच आधी पार मागे पडला, त्याचा श्वासही ऐकू येईनासा झाला, तर? मग काजळी मोकळी. मग दांडीजवळची जागाही मोकळी. मी दोन हजार मीटरची शर्यत निवडली.

मैदानभर हशा पिकला. काजळीच्या घराण्यात बाराशेच्या पुढे कुणी जिंकलेलं नव्हतं. सुब्बाराव मुद्दाम माझ्या अस्तबलापर्यंत चालत आले. "क्या मुकुंद, घोडी कू विजयवाडा भेज रहे क्या? बस का टिकट निकालना था ना!"

"तुमच्या घोड्याला घेऊ का सोबत? रस्त्यात थांबायची सवय आहे त्याला," मी म्हटलं. ते गेले. हसू दोघांचंही खोटं होतं.

बाईंना मी फोनवर सांगितलं.

"म्हणजे तू त्याला दमवणार," बाई म्हणाल्या.

"बाई, जो नाहीच तो दमेल कसा?"

"मग दोन हजार मीटर कशासाठी निवडलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू भूमितीतही असाच होतास. सिद्धता न लिहिता खाली थेट उत्तर लिहायचास," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "लाव. तिला वरातीत नाचवायचं नाही मला."

शर्यतीची दुपार लख्ख होती. अशा गोष्टींना ढग लागतात असं तुम्हाला वाटत असेल. आमच्याकडे ऊन होतं, मैदानापलीकडून मेट्रो जात होती आणि प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये कुणीतरी मिरची भजी खात होतं. बाई माझ्या शेजारी, डोळ्यांना माझी दुर्बीण लावून.

शर्यत सुटायचे दरवाजे उघडले. काजळी पहिल्या वळणावर चौथी, दांडीपासून एक घोडा लांब. मागचे जॉकी आता शहाणे झाले होते. त्या फटीकडे कुणी फिरकलं नाही. पलीकडच्या सरळ रस्त्यावर तिसरी. फट तशीच. शेवटच्या वळणाला तिचा आतला कान मागे जायला लागला. शेजारच्याकडे वळलेला कान हळूहळू मागच्याकडे वळत गेला. शेवटच्या सरळ रस्त्यावर ती आल्यावर मी पाहिलं, तिच्या आणि दांडीच्या मधली जागा कमी होतेय. थोडी. आणखी थोडी. मग ती दांडीला येऊन लागली.

आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी पळत होती. कसली पळाली! स्टँड उभं राहिलं. दोन घोडे मागे टाकले, त्यात एक सुब्बारावांचा, आणि अख्ख्या घोड्याच्या अंतराने पहिली.

मी ओरडलो, नाचलो, भजी खाणाऱ्या अनोळखी माणसाला मिठी मारली. बाई दुर्बीण खाली घेत नव्हत्या.

"मुकुंद, ती कुठे निघाली?"

जिंकलेल्या घोड्याने वळून परत यायचं आणि फाटकातून आत शिरायचं असतं. आत जॉकी खाली उतरतो आणि खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. वजन बरोबर भरलं की मग निकाल पक्का. फाटकाबाहेर जॉकी उतरला किंवा वेळेत काट्यावर आलाच नाही, तर शर्यत हातची जाते. काजळी वळून आली, फाटक ओलांडून तशीच पुढे गेली, उलट्या दिशेने, जिथे ती दांडीला लागली होती तिथपर्यंत. आणि थांबली. तोंड शेवटच्या वळणाकडे.

"अरे रास्ता भूल गई!" स्टँडमधून कुणी ओरडलं. लोक हसले. यादगिरीने टाच मारली, लगाम ओढला. काजळी खांबासारखी.

मी आणि खाजामियां धावत मैदानात उतरलो. बाकीचे जॉकी काट्यावर जाऊन आले होते. फाटकाशी अधिकारी घड्याळ बघत उभे, आणि त्यांच्या शेजारी सुब्बाराव, हाताची घडी घालून. खाजामियांनी दोरी लावली. मी ओढली. तिने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"मारूं क्या साब?" यादगिरीने चाबूक वर केला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

मी हो म्हणणार होतो. खरं सांगतो, तोंडात शब्द आला होता. घोडीचं सगळं आयुष्य त्या फाटकापर्यंतच्या दोनशे पावलांवर होतं आणि ती चालत नव्हती. तेवढ्यात स्टँडच्या कठड्यावरून आवाज आला. तो आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावर बसून ऐकला होता.

"मुकुंद! थांब जरा! येऊ दे त्याला!"

मराठीत होतं ते बरं झालं. फार लोकांना कळलं नाही.

मी दोरी सैल सोडली. आम्ही तिघं माणसं आणि एक घोडी भर उन्हात रिकाम्या वळणाकडे बघत उभे राहिलो. स्टँडमधलं हसणं हळूहळू थांबलं. का थांबलं ते मला माहीत नाही. काजळीचे दोन्ही कान पुढे होते. मग एक कान किंचित हलला, जसा लांबून येणारं पाऊल ऐकताना हलतो. मग दुसरा. तिची मान हळूहळू फिरत आली, दांडीच्या कडेकडेने, जणू जवळ येणाऱ्या कुणावर तरी नजर ठेवून. मग तिने मान खाली घातली. घोड्याच्या उंचीपर्यंत नाही. त्याच्याही खाली, माझ्या कमरेशी. आणि नाकाने फुर्र केलं, अगदी हलकं.

खाजामियां पुटपुटले, "साब, आप इधर आ जाव. उधर जगा दो."

मी तिच्या दांडीकडच्या बाजूला उभा होतो. मी बाहेरच्या बाजूला आलो. येताना माझ्या उजव्या हाताला गार लागलं, पहाटेच्या ओल्या गवतातून हात फिरवावा तसं. दुपारचे तीन वाजत होते.

काजळी चालायला लागली. सावकाश, बाळाच्या चालीने. मी तिला घाई केली नाही. घाई करायची माझी हिंमत नव्हती. फाटकाशी येताच सुब्बारावांनी घडी सोडली. त्यांना विरोध नोंदवायचा होता, तोंडही उघडलं होतं. मग ते बाजूला सरकले. नुसते वाट द्यायला लागते तेवढे नाही. आणखी एकाला जागा होईल इतके. का सरकले ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. यादगिरी काट्यावर उभा राहिला. वजन बरोबर भरलं. निकाल पक्का झाला.

लोक मला विचारतात, इतकी पळणारी घोडी पुढे का नाही पळवलीस? गुण वाढले असते, वरचा वर्ग मिळाला असता, चांगल्या लांब शर्यती होत्या. मी एक शर्यत हेरूनही ठेवली होती. ट्रेनरची खोड, काय करणार. बाईंकडे गेलो तर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "पुन्हा त्याला मागे टाकायला लावशील तिला?" मी हेरलेल्या शर्यतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. इतकी वर्षं मी घोड्यांसाठी शर्यती निवडल्या. ही एकच मी कुणाला तरी मागे टाकण्यासाठी निवडली आणि तीच निवडल्याचं अधूनमधून वाईट वाटतं. बरोबर निवडली होती, तरीही.

फार्मवाल्यांनी शब्द पाळला. काजळीला न्यायला त्यांची गाडी आली, दोन कप्प्यांची, मधे लाकडी आडभिंत. काजळी एका कप्प्यात शहाण्यासारखी चढली. सुब्बारावांचा एक घोडा त्याच रस्त्याला जायचा होता. ते म्हणाले, "दूसरा खाना खाली जा रहा ना मुकुंद. मेरे कू दे दो."

"नाही जमणार," मी म्हटलं.

त्यांनी रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक है," म्हणाले, आणि आपला घोडा घेऊन गेले.

बाई काजळीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसला होता, त्याला घाई होती. मी मागे गेलो. काजळीचं दार लावलं, कडी घातली. मग दुसऱ्या कप्प्याचं दार उघडलं, फळी खाली टाकली, आणि एका लहान शिंगराला चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा बाजूला उभा राहिलो. मग तेही लावलं.